गरम इंजन गोड बोलते

पहाटे ५

जुना ट्रॅक्टर पाहायला जायचे तर मालक दात घासत असताना त्याच्या दारात उभे राहायचे, हा आमच्या मिस्त्रींचा नियम. रात्रभर गार पडलेले इंजिन पहिल्या सेल्फला काय करते, किती वेळ घरघरते, कोणत्या रंगाचा धूर टाकते, यावरून त्याची निम्मी हकीकत कळते. "गरम इंजन सारेच गोड बोलते सर," मिस्त्री म्हणाले, "थंड्यावर धरलं तरच खरं बोलते." म्हणून पाचला अंजनगावातून निघालो. मी, धाकटा भाऊ, मिस्त्री आणि भावाच्या मित्राची मागून आणलेली गाडी.

मी शाळेत शिकवतो. शेती भाऊच पाहतो. साडेनऊ एकर. आमच्या घरात आजवर बैल होते, बैलबंडी होती, मोटारसायकल होती. ट्रॅक्टर कधी नव्हता. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी सगळे भाड्याने. गेल्या मृगात मात्र भाड्याच्या ट्रॅक्टरने दगा दिला. काळ्या मातीत पेरणीला वाफसा लागतो. पाऊस पडून दोन-तीन दिवस उघाड मिळाली की जमीन हाताशी येते. आधी गेले तर चाक रुतते, उशीर झाला तर ओल उडते. वाफसा साऱ्या शिवारात एकाच वेळी येतो आणि ट्रॅक्टरवाल्याचा फोनही नेमका त्याच वेळी बंद लागतो. त्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ऐकून भावाला यंदा सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरायचे आहे. त्याचे पेरणीयंत्र बैलांच्या मागे लागत नाही.

नवा घ्यायचा तर पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सात लाखांच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस हजारांनी किंमत उतरली. तरीही आमच्या गणितात ती बसली नाही. चैत्र लागून आठवडा झाला आहे. पाडव्याला लोक नवे ट्रॅक्टर उचलतात आणि त्यांचे जुने बाजारात येतात. जुना घ्यायचा तर हेच दिवस.

सकाळी सव्वासहा

दर्यापूर तालुक्यातले एक गाव. मालक खरोखरच तोंड धूत होता, पण मिस्त्रींनी नमस्कार करता करताच बॉनेटवर तळहात ठेवला आणि आमच्याकडे पाहिले. कोमट.

"काऊन जी, आताच चालू केला होता काय?"

"पोरानं जागा बदलली जी. सडा टाकायचा होता."

अंगणात सडा नव्हता. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडून त्याची आतली बाजू भावाला दाखवली. पांढरट, खरखरीत थर होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी माणसाला पिववत नाही. प्यायला अनेक गावांना शहानूर धरणाचे पाणी नळाने आणावे लागले. पण ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये विहिरीचेच पाणी पडते, हाताशी तेच असते म्हणून. क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतो, पाणी फिरेनासे होते, इंजिन तापते आणि एके दिवशी हेड गॅसकेट जाते. मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असेल तर रिमही आतून गंजते. बाहेरून रंग मारलेली रिम छान दिसते. मिस्त्रींनी तिच्यावर पान्याने ठोकले. दोन ठिकाणी आवाज बद्द आला.

यावरही सौदा झाला असता, कारण भाव खाली होता. थांबलो कागदामुळे. नोंदणी पुस्तकात नाव मालकाच्या वडिलांचे, आणि ते वारून दोन वर्षे झालेली. मालक मेल्यावर वारसाच्या नावे गाडी करायला ३१ नंबरचा फॉर्म लागतो आणि बाकीच्या वारसांची संमतीही. बहिणी किती, विचारले. तीन. बोलणे आहे का त्यांच्याशी? मालकाने चहा सांगितला.

चहा घेतला, निघालो. लोखंड बिघडले तर मिस्त्री असतो. तीन बहिणींच्या सह्या मिळवायला मिस्त्री कुठून आणायचा?

साडेआठ

दर्यापूरला आलूबोंडा आणि वर वाटीभर कढी. मिस्त्रींनी दोन सांगितले आणि कागदावर भावाची शिकवणी घेतली. विषय: तास.

ट्रॅक्टरचे वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांमध्ये मोजतात. तो दिवसभर एकाच वावरात फिरतो. अंतर किती झाले याला अर्थ नसतो, इंजिन किती वेळ राबले याला असतो. पण मीटरचा तास म्हणजे घड्याळाचा तास नव्हे. जुन्या ट्रॅक्टरांत मीटरला इंजिनाकडून केबल जाते आणि मीटर प्रत्यक्षात इंजिनाच्या फेऱ्या मोजते. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असेल तरच मीटरचा तास घड्याळाशी जुळतो. रेस कमी ठेवून ट्रॉली ओढली तर मीटर मागे पडते. केबल तुटली आणि मालकाने वर्षभर बदलली नाही, तर ते वर्ष जमेलाच धरले जात नाही. म्हणून मिस्त्री मीटर शेवटी पाहतात. आधी क्लचच्या पायडलवरचे रबर, मग स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवायची जागा, मग सीट.

"मीटर बदलता येते सर. पायडलचं रबर बदलाचं कोनाच्या ध्यानातच येत नाई."

आमच्या भागात स्वतःची शेती करून वर भाड्याने जाणारा ट्रॅक्टर वर्षाला सातशे-आठशे तास सहज चालतो, असा त्यांचा अंदाज. त्यावरून सात वर्षांचा ट्रॅक्टर पाच हजारांवर गेला असला पाहिजे. मीटर दोन हजार दाखवत असेल तर एक तर मालक फार सुखी, नाही तर मीटर फार नवे.

साडेदहा

म्हैसांगच्या पुलावरून पूर्णा ओलांडली आणि अकोल्यात शिरलो तेव्हा ऊन अंगावर यायला लागले होते. चैत्रातले अकोला दहा वाजताच दुपार करून टाकते.

जुन्या ट्रॅक्टरांचे हे आवार मोठे होते. पन्नासच्या वर ट्रॅक्टर रांगेत, सगळे धुतलेले, बरेचसे नव्या रंगाचे. पाट्या एमएच-३०, एमएच-२७, एमएच-२८. एका कोपऱ्यात मध्य प्रदेशच्या पाटीचे चार-पाच. ते जरा स्वस्त असतात. पण परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या परिवहन कार्यालयाचा २८ नंबरचा ना-हरकत दाखला हवा आणि इकडे पुन्हा नोंदणी. दलाल म्हणतो, "होऊन जाते साहेब." होते कधी, ते तो सांगत नाही. कर्जाचे हप्ते थकले म्हणून वित्त कंपन्यांनी ओढून आणलेले ट्रॅक्टरही असल्या आवारात येतात. त्यांच्यात लोखंड बरे निघते, कारण मालकाने ते मनापासून विकलेले नसते. पण हप्ते थकवणारा माणूस ऑइल वेळेवर बदलत असेल का, हा मिस्त्रींचा प्रश्न, आणि तो मला पटला.

भावाला एक आवडला. पंचेचाळीस अश्वशक्ती, चार सिलिंडर, चकाकत होता. कंपनीचे नाव सांगत नाही. मिस्त्री म्हणतात तसे, कंपनी एकदाच बनवते, पुढचे मालक बनवतो. मीटरवर एक हजार नऊशे तास. क्लचच्या पायडलवर रबर नव्हतेच, लोखंड घासून आरसा झालेला.

दलालाने चावी मारली. पहिल्या झटक्यात सुरू. काळा धूर, मग साफ. भाऊ खूश. मिस्त्रींनी इंजिनाच्या ब्रीदरची नळी शोधली आणि तिच्या तोंडावर हात धरला. तळहातावर ऑइलचे बारीक थेंब आले आणि नळी धापा टाकत असल्यासारखी वाफ फेकत होती. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि वाट मिळेल तिथून बाहेर येतो. ऑइल भरायचे झाकण काढून तिथेच उलटे ठेवले तर ते नाचायला लागले. मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले, चारही सिलिंडरवर फिरवून पाहिले. उठले तेव्हा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बोअरचं काम आहे. साठ-सत्तर हजार बाजूले ठेवा."

दलालाला आम्ही वावरात नांगर लावून पाहायची परवानगी मागितली. तो हसला. इथे वावर कुठून आणू, म्हणाला. आवारातच एक चक्कर मारा. मुंबई-अलिबागकडे हौशी लोक पहिल्यांदा जुनी मोटरबोट घेतात तेव्हाही हाच पेच असतो. जाणता माणूस बोट आधी पाण्याबाहेर काढायला लावतो, तिचा तळ ठोकून पाहतो आणि समुद्रात चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. बोटीच्या इंजिनाचे वयही तासांतच मोजतात. धक्क्याला बांधलेली बोट आणि फरशीवर उभा ट्रॅक्टर, दोन्ही निर्दोष दिसतात. आमचा समुद्र म्हणजे काळे वावर, आणि तो अकोल्याच्या त्या आवारात नव्हता.

निघताना दलालाने मिस्त्रींना टिनाच्या खोलीमागे नेले. दोन मिनिटांत ते परत आले आणि गाडीत बसताच सांगून टाकले, "पाच हजार म्हणे मले. सौदा झाला तं." भाऊ म्हणाला, "मंग काका?" "मंग काय? तो अकोल्यातच राह्यते, मले तं अंजनगावात राहाचं आहे."

दीड

डबा. ज्वारीची भाकर, बेसन, मिरचीचा ठेचा, कांदा. एका लिंबाखाली गाडी लावून जेवलो. उन्हात कोणी ट्रॅक्टर दाखवत नाही आणि दाखवला तरी पाहू नये. तापलेले पत्रे, तापलेले इंजिन आणि तापलेला विकणारा.

मिस्त्री झोपले. भाऊ फोनवर एका वित्त कंपनीच्या माणसाशी बोलत होता. जुन्या ट्रॅक्टरला कर्ज मिळते, पण व्याज नव्यापेक्षा चढे आणि मुदत कमी. किमतीत जे वाचले ते व्याजात हळूहळू परत जाते. नवख्या माणसाला हे गणित कोणी सांगत नाही. तो दोन किमतींमधला फरक पाहतो आणि खूश होतो. आमच्याकडे तुरीचे आणि हरभऱ्याचे पैसे हाताशी होते, वर सोसायटीचे थोडे. मी भावाला तेवढ्यातच बसवायला सांगितले.

चार

परतताना अंजनगाव-पथ्रोटच्या पट्ट्यात तिसरा ट्रॅक्टर. अंजनगावचे नाव बाहेर विड्याच्या पानांसाठी आणि पानपिंपरीसाठी घेतले जाते. या शेतकऱ्याकडेही पिंपरीचा मळा होता, पण बाकी रानात त्याने संत्रा लावलेला. मिस्त्रींचा पहिला प्रश्न ट्रॅक्टरविषयी नव्हताच.

"विकता काऊन?"

"बगीचात शिरत नाई जी. फांद्या मोडते. मले आता लहान पाह्यजे."

झाडांच्या दोन ओळींमधून जाणारा वीस-बावीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर त्याने पाडव्याला नोंदवला होता, पावती दाखवली. विकण्याचे कारण पटले तर निम्मी भीती जाते. घरचे लोखंड माणूस दोनच कारणांनी विकतो: त्याची गरज संपते, किंवा ट्रॅक्टरची ताकद.

सकाळपासून ट्रॅक्टर हलवलेला नव्हता. चाकाखाली कोंबडी बसली होती. सेल्फला दुसऱ्या झटक्यात सुरू झाला, थोडा पांढरा धूर, मिनिटभरात गेला. डिपस्टिकवरचे ऑइल काळे पण घट्ट; झाकणाखाली दुधाळपणा नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही. ब्रीदर शांत. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले तर किंगपिनमध्ये खेळ होता. ते काम फारसे खर्चाचे नाही. मागचे टायर १३.६ बाय २८ चे, निम्मे झिजलेले. त्यांची जोडी नवी घ्यायची झाली तर पस्तीस-चाळीस हजार. हा आकडा मिस्त्रींनी मुद्दाम मोठ्याने म्हटला.

मग नांगर. रिकाम्या वावरात मिस्त्री स्वतः बसले. हरभरा निघून जमीन चरचरीत वाळलेली, नांगराचा पुरता कस लावणारी. पहिल्या तासात त्यांनी नांगर हळूहळू खोल घातला आणि आम्ही बाजूने चालत राहिलो. (वावरातल्या रेघेलाही आम्ही तासच म्हणतो.) इंजिन दबले, गव्हर्नरने उचलले, धूर थोडा काळवंडला आणि पुन्हा साफ झाला. गिअर सुटला नाही. टोकाला वळताना त्यांनी डावा ब्रेक एकटा दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी फिरला. उजवा दाबला तेव्हा जरा घसरला. मागच्या ॲक्सलचे सील गळत असेल, ऑइल ब्रेकवर येते. नोंद घेतली. पीटीओ लावून पाहिला, ५४० फेऱ्यांना आवाज एकसारखा. शेवटी नांगर वर उचलून इंजिन बंद केले आणि सारे जण नुसते उभे राहिलो. हायड्रॉलिक कमजोर असेल तर वर उचललेला नांगर हळूहळू खाली बसतो. दहा मिनिटांत चार बोटे उतरला. मिस्त्रींनी मान डोलावली. "चालते. म्हातारा झाला तं तुमीबी खांद्यावरचं खाली ठेवानच ना."

मीटरवर तीन हजार चारशे तास होते आणि पायडलवरचे रबर तितकेच झिजलेले होते. दिवसभरात पहिल्यांदा मीटर आणि रबर यांची साक्ष जुळली.

साडेसहा

ओसरीवर बाज टाकली. मालकाने चार लाख दहा म्हटले. मिस्त्रींनी टायर, किंगपिन, सील यांची बेरीज मांडली. भाऊ तीन साठवर अडला. मालकाचा मोठा भाऊ आला, पाणी आले, पुन्हा चहा आला, नव्या ट्रॅक्टरचा जीएसटी उतरल्यामुळे जुन्याचे भावही कसे बसले यावर बोलणे झाले. शेवटी शेजारच्या वयस्क गृहस्थाने "तुमचंबी नाई, याईचंबी नाई" म्हणत तीन पंच्याऐंशीला हात मिळवून दिले.

खरी घासाघीस त्यानंतर झाली, कागदावर. तहाच्या बाबतीत आमचे गाव नवखे नाही. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो सुर्जी-अंजनगावचाच. दोआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला असे बरेच काही त्या एका कागदावर गेले. आम्ही निदान वाचून सही करायची ठरवली.

मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये नंबर टाकला. मालकाचे नाव बरोबर, पण बँकेचा बोजा अजून चढलेला. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटले होते. बँकेचा दाखला आणि सह्या केलेला ३५ नंबरचा फॉर्म कपाटात तसाच पडून, परिवहन कार्यालयात कोणी नेलाच नव्हता. गावोगावी हेच असते. कर्ज फिटले की माणसाला वाटते संपले. बोजा उतरल्याशिवाय २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांना, म्हणजे नावावर करण्याला, अर्थ नाही. पेन्सिलीने चेसिस नंबरची छाप घेतली आणि पुस्तकाशी ताडली. एकेक आकडा जुळला. ट्रॉली त्याला ठेवायची होती, तिचा नोंदणी क्रमांक वेगळाच असतो, म्हणून ते सोपे गेले.

ठरले ते असे. पन्नास हजार इसार आज, बँकेतून. बाकीचे बोजा उतरल्यावर, तेही बँकेतूनच; आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही. करार पाचशेच्या मुद्रांकावर. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही. विमा बदलायला चौदा दिवस.

भावाला ट्रॅक्टर आजच घरी न्यायचा होता. उदबत्ती, लिंबू, नारळ त्याने सकाळीच गाडीत ठेवले होते, हे मला तेव्हा कळले. मिस्त्री नको म्हणतील असे वाटले होते; नको म्हणाला मालकाचा मुलगा. तो अमरावतीला शिकतो. त्याचे म्हणणे कायद्याचे होते: २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव त्याची, गाडी हातोहात कितीही पुढे गेली असली तरी.

"काका, उद्या तुमच्या हातून कोनाले लागलं तं कोर्टाचा कागद माह्या बाबाच्या नावानं येईन."

यावर कोणाकडे उत्तर नव्हते. घेणाऱ्याने कागदाची काळजी करायची हे आम्ही सकाळपासून घोकत होतो. विकणाऱ्यालाही तितकीच करावी लागते, हे त्या पोराने आम्हाला सांगितले. नारळ परत गाडीत गेला.

रात्री साडेआठ

घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. साडेनऊ एकरांच्या बळावर पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पोसला जात नाही, हे भावाला आधीपासून माहीत होते. डिझेल, ऑइल, टायर यांचा खर्च भागवायचा तर त्याला इतरांच्या वावरात जावेच लागणार. म्हणजे ट्रॅक्टर घेतला की शेतकरी हळूच भाडेकरी होतो, आणि गेल्या वर्षी ज्याचा फोन बंद लागला म्हणून आम्ही चिडलो होतो, त्याच्या जागी आपण जाऊन बसतो.

जेवायच्या आधीच फोन सुरू झाले. चुलतभावाला उन्हाळी नांगरणी करून हवी होती. खालच्या आळीतल्या एकाला दीड एकर रोटाव्हेटर. एक जण लग्नाच्या वरातीसाठी ट्रॉलीसकट मागत होता. ट्रॉली नाही म्हटल्यावर नाराज झाला. भाऊ प्रत्येकाला सांगत होता की ट्रॅक्टर अजून दुसऱ्याच्या दारात आहे, नाव चढायचे आहे. त्यावर पलीकडून एकच उत्तर येत होते, चढू द्या, नंबर तेवढा लावून ठेवा.

पैशाचे विचारल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "सोयाबीन निघालं की देतो ना बाप्पा."

भावाने आईकडे नवी वही मागितली.